ओल्या गारठ्याचे अंथरूण-पांघरूण

काही वर्षांपूर्वीची, ऐन श्रावणातली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमारास पोलादपूरकडून आलेल्या एका जीपमधून चार मुलांनी आपल्या मित्राला उचलून माझ्या दवाखान्यात आणले. वय एकोणीस-वीस. अंगाभोवती काळी घोंगडी गुंडाळलेली, आत दुसऱ्याच कोणाचा तरी सदरा. मुलगा बोलत होता, पण जीभ जड झाली होती. गाव विचारले तर आईचे नाव सांगे. जीपवाला माझ्या कानाशी लागून म्हणाला, "डॉक्टर, पोरगा घेतलेला दिसतोय." तोंडाला वास नव्हता. थर्मामीटर लावला, तर पारा जागचा हलेना. आपले साधे थर्मामीटर ९४-९५ अंश फॅरनहाइटपासून सुरू होतात. त्याच्या खाली काय चालले आहे ते त्यांना दाखवता येत नाही.

ही मुले ढवळे गावाकडून आर्थरसीटच्या वाटेला लागली होती. त्या वाटेला पावसात जाऊ नये हे गावकरी सांगतातच. धुक्यात वाट चुकली आणि एक रात्र कातळाच्या आडोशाला काढावी लागली. अंगात जीन्सची पँट आणि सुती बनियन. या मुलाजवळ अमेरिकेतल्या मामाने पाठवलेली भारी स्लीपिंग बॅग होती, आत हंसाची पिसे भरलेली. बर्फातही चालेल अशी ती होती म्हणे. रात्री दोन वाजेपर्यंत ती ओल्या पोत्यासारखी झाली. सकाळी कसेबसे खाली उतरल्यावर वाडीतल्या एका आजीने पहिली गोष्ट केली ती ही, की त्याच्या अंगावरचे सगळे ओले कपडे उतरवले, अंग कोरडे पुसले, नातवाचा सदरा चढवला, घोंगडीत गुंडाळले आणि चुलीजवळ बसवून गुळाचा चहा पाजला. माझ्याकडे येण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक उपचार झाला होता. उरलेला रुग्णालयात झाला आणि दुसऱ्या दिवशी मुलगा आपल्या पायांनी घरी गेला.

हे आज आठवायचे कारण एका वाचकाचा प्रश्न. मुलगी महाविद्यालयाच्या गटाबरोबर पावसाळ्यात व पुढे हिवाळ्यात भटकंतीला जाणार आहे, दुकानदार तऱ्हेतऱ्हेच्या स्लीपिंग बॅगा आणि जर्किने दाखवतो, त्यातले काय घ्यावे? डॉक्टरला विचारण्यासारखा हा प्रश्न आहे काय, असे त्यांनी संकोचाने पुढे लिहिले आहे. आहे, नक्कीच आहे.

आपल्याकडे "थंडीने माणूस दगावतो" म्हटले की लोकांना काश्मीर आठवते. महाडला पावसाळ्यात २५-२६ अंश सेल्सिअस तापमान असते, तिथे कसली आली थंडी! पण शरीराला तापमानाचा आकडा कळत नाही, त्याला फक्त आपल्यातली उष्णता किती वेगाने निघून जाते तेवढे कळते. शरीराच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. ते ३५ च्या खाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. पाऊस, वारा, थकवा आणि रिकामे पोट हे चौघे एकत्र आले की १५ अंशांतही ती येते.

यातला खरा गुन्हेगार पाणी. उष्णता वाहून नेण्याचे पाण्याचे सामर्थ्य हवेच्या सुमारे २५ पट आहे. कोरडा कपडा ऊब देतो तो मुळात कापडामुळे नव्हे, कापडाच्या धाग्यांत अडकून बसलेल्या हवेमुळे. तिथे पाणी शिरले की ऊब संपली. शिवाय भिजलेला कपडा अंगावरच वाळवायचा तर एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. दोन भाकऱ्या, आमटी, भात असे पोटभर जेवण मोडून जेवढी शक्ती मिळते, जवळजवळ तेवढी. यातली बरीचशी तुमच्या अंगातून जाते. भिजलेली जीन्स आणि सुती शर्ट मिळून लिटरभर पाणी सहज धरतात. "अंगावरच वाळेल" असे आपण किती सहज म्हणतो!

वर चढावे तशी हवा गार होते, दर हजार मीटरला साधारण सहा अंश. महाड जवळजवळ समुद्रसपाटीला, रायगडचा माथा सुमारे ८२० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. म्हणजे महाडात शर्ट घालून निघालेला माणूस आंबेनळी घाट चढून वर पोहोचतो तेव्हा आठ अंश उतरलेले असतात, आणि मोटारसायकलवर असेल तर ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरचा वारा त्याने स्वतःच तयार केलेला असतो. एमआयडीसीतून रात्रपाळी करून पावसात मोटारसायकलने घरी जाणारे कामगार, लावणीला दिवसभर चिखलात वाकलेल्या बाया, घाटातले दूधवाले हेही याच वर्गात मोडतात. प्रश्न फक्त भटक्यांचा नाही.

आता कपड्यांकडे वळू. सुती कपडा उन्हाळ्यात आपला मित्र, पण पावसात शत्रू. तो पाणी पितो, धरून ठेवतो आणि अंगाला चिकटतो. अंगालगत सुती बनियनऐवजी खेळाडू घालतात तशी पॉलिएस्टरची पातळ जर्सी घालावी. बाजारात ती स्वस्तात मिळते, पिळून झटकली की अर्धी वाळते. तिच्यावर फ्लीसचा किंवा लोकरीचा स्वेटर. लोकरीचा गुण असा की ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा धाग्याच्या आत सामावून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय ओलावा घेताना थोडी उष्णताही सोडते. धनगरांनी घोंगडीची खोळ करून पावसात मेंढरांमागे पिढ्यान्पिढ्या चालावे, ते काही हौसेने नव्हे. घोंगडी जड आहे, टोचते, भिजली की आणखी जड होते आणि तिचा वास येतो, हे सगळे मान्य. पण भिजलेल्या गोधडीत किंवा सोलापुरी चादरीत रात्र काढणे आणि भिजलेल्या घोंगडीत काढणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या लहानपणी शेतावर बाया डोक्यापासून कंबरेपर्यंत इरले घेत. आतून कोरडे राहायचे, बाजूने हवा खेळायची आणि दोन्ही हात कामाला मोकळे. आजच्या कित्येक रेनकोटांना हे जमलेले नाही.

रेनकोटाचेच घ्या. विंडचीटर वेगळा आणि रेनकोट वेगळा. विंडचीटर वारा अडवतो, आपल्या पावसात मात्र दहा मिनिटांत हार मानतो. वेष्टनावर "वॉटर रेझिस्टंट" लिहिले असेल तर त्याचा अर्थ शिंतोडे झेलणारा, एवढाच समजावा. "वॉटरप्रूफ" असेल तरी शिवणी आतून पट्टीने बंद केल्या आहेत का ते कोट उलटा करून पाहावे, कारण पाणी कापडातून कमी आणि शिवणीतून जास्त शिरते. महागड्या जर्किनांविषयी दुकानदार सांगतो की याचे कापड "श्वास घेते", घाम बाहेर जातो. ते खोटे नाही. परंतु घामाची वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते. आषाढात, ढग अंगावर आलेले असताना, बाहेरच्या हवेतच पाण्याला जागा उरलेली नसते. मग ते कापड श्वास घेणार कुठून? त्या गुणासाठी चौपट पैसे मोजण्यापेक्षा काखेत आणि पाठीवर हवा जायला झडपा असलेला, स्वेटरवरून सैल बसेल असा साधा रेनकोट किंवा पाठीवरच्या पिशवीसकट माणसाला झाकणारा पोंचो घ्यावा, हे माझे मत. मात्र पोंचो वाऱ्यात फडफडतो, म्हणून कंबरेला दोरी बांधावी. पिसे किंवा कापूस भरलेली फुगीर जर्किने हिवाळ्यातल्या कोरड्या रात्रीसाठी ठेवावीत. पावसाळ्यात ती नकोतच.

माकडटोपीला हसणाऱ्यांनी हसावे. पिशवीत एक असू द्यावी, आणि एक जोड जाड लोकरीचे मोजे फक्त झोपताना घालायला.

आता स्लीपिंग बॅग. आत काय भरले आहे त्यावरून तिच्या दोन जाती. एकीत बदकाची किंवा हंसाची मऊ पिसे असतात. ती हलकी, मुठीत मावेल इतकी दाबली जाणारी आणि कोरडी असताना फार उबदार. लडाखला किंवा हिमालयातल्या कोरड्या बर्फात तिला तोड नाही. पण पिसे भिजली की त्यांचे गोळे होतात, त्यांतली हवा जाते, आणि आपल्या हवेत ती वाळायला दिवसच्या दिवस लागतात. त्या मुलाच्या पिशवीचे नेमके हेच झाले. दुसरी कृत्रिम धाग्याची, म्हणजे पॉलिएस्टरचे पोकळ तंतू भरलेली. ती जड असते, पाठीवर जागा खाते, चार-पाच वर्षे दाबून दाबून तिची फुगवण कमी होते. पण भिजली तरी काही ऊब राखते, लवकर वाळते आणि पुष्कळ स्वस्त पडते. सह्याद्रीसाठी, आणि विशेषतः आपल्या महाड-पोलादपूरच्या डोंगरांसाठी, डोळे मिटून दुसरी घ्यावी.

चांगल्या पिशवीवर तापमानाचे तीन आकडे छापलेले असतात. "कम्फर्ट", "लिमिट" आणि "एक्स्ट्रीम". युरोपातल्या एका मानकावरून ही पद्धत आली आणि आता ती आंतरराष्ट्रीय झाली आहे. जाहिरातीत बहुधा सर्वांत खालचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, आणि फसगत तिथेच होते. एक्स्ट्रीम म्हणजे त्या तापमानाला सुमारे सहा तास जीव तगेल, पण गारठ्याने इजा होऊ शकते. झोपेचा त्याच्याशी काही संबंध नाही. लिमिट हा आकडा सरासरी पुरुष अंगाचे मुटकुळे करून कशीबशी झोप काढील असा. कम्फर्ट हा सरासरी स्त्री आरामात झोपेल असा. स्त्री असो वा पुरुष, कम्फर्टचाच आकडा पाहावा. आपल्या डोंगरात हिवाळ्यातल्या रात्रीला कम्फर्ट ५ ते १० अंशांची पिशवी पुरते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, तसल्या रात्री स्वेटर घालून आत शिरावे. हिमालयात जायचे झाले तर तिथली पिशवी तिथेच भाड्याने घेतलेली बरी. उणे दहाची पिशवी घेऊन आपल्याकडे घाम गाळण्यात अर्थ नाही, आणि घाम म्हणजे पुन्हा पाणीच. आणखी एक. हे आकडे प्रयोगशाळेत कोरड्या हवेत, खाली चटई घालून, पुतळ्याला अंगभर कपडे चढवून काढलेले असतात. त्या खोलीत पाऊस नसतो.

चटईचा उल्लेख आला तो महत्त्वाचा आहे. लोक पांघरुणावर हजारो रुपये खर्च करतात आणि अंथरुणाला विसरतात. अंगाखालचा पिशवीचा भाग आपल्या वजनाने दबून चपटा होतो, त्यात हवा उरत नाही, आणि दगडी फरशी रात्रभर तुमची ऊब शोषत राहते. फोमची साधी कॅरीमॅट, तीही न मिळाल्यास खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर पेंढा किंवा वर्तमानपत्रांची जाड थप्पी (हे वर्तमानपत्र त्यालाही उपयोगी आहे) आणि वर घोंगडी, एवढ्याने पातळ पिशवीतही झोप लागते. पिशवी आतून घामट होऊ नये म्हणून जुन्या सिंथेटिक साडीची खोळ शिवून आत घालावी. ती एकटीच धुता येते. तोंड पिशवीत घालून झोपू नये, श्वासाची वाफ आत साठून सकाळी अस्तर ओले लागते. आणि आत शिरण्यापूर्वी पिशवी व बूट उलटे करून झटकावेत. विंचवावरच्या उपचारासाठी आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव जगभर गेले, ते इथे विंचू होते म्हणूनच.

रायगडावर ६ जूनला आणि तिथीप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला राज्याभिषेकाचा सोहळा असतो. आदल्या रात्रीपासून हजारो माणसे वर असतात, मिळेल त्या जागी पथारी टाकतात. खालच्या उकाड्यात पायऱ्या चढून आलेला माणूस माथ्यावर पोहोचतो तेव्हा घामाने निथळत असतो. त्याच अवस्थेत तो वाऱ्यावर बसतो आणि अर्ध्या तासाने पावसाची सर येते. वर पोहोचताच, बरे वाटत असतानाच, आतला कपडा बदलावा. काकडू लागल्यावर बदलू म्हणणाऱ्याची बोटे तोवर गुंडी काढण्याच्या लायकीची राहत नाहीत. रोपवे १९९६ साली सुरू झाल्यापासून वयस्कर मंडळी आणि तान्ही मुलेही गडावर येऊ लागली, हे चांगलेच झाले. पण रोपवेने आलेल्याला चढाईची ऊब नसते. त्याने गरम कपडे खालूनच अंगात घालून यावे. वृद्धांना हुडहुडी उशिरा भरते, तान्ह्या मुलांना तर धड भरतच नाही, म्हणून ती गारठल्याचे घरच्यांच्या लक्षात येत नाही.

तीच गोष्ट पुराची. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडचे तळमजले बुडाले, कित्येक कुटुंबांनी वरच्या मजल्यावर, माळ्यावर, गच्चीवर ओल्या कपड्यांत तास काढले. त्याच दिवशी तळियेची दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. मदत निघाली, पण रस्तेच पाण्याखाली होते. अशा वेळी बाहेरून पहिले कोरडे पांघरूण यायला एक पूर्ण रात्र जाऊ शकते, हे आपण धरून चालावे. सावित्रीकाठी आणि डोंगरउतारावर राहणाऱ्या प्रत्येक घरात मे अखेरीस एक गाठोडे बांधून माळ्यावर ठेवलेले असावे. त्यात माणशी एक स्वेटर, एक कानटोपी, घरात मिळून दोन घोंगड्या किंवा कृत्रिम धाग्याच्या स्लीपिंग बॅगा, एक ताडपत्री, गूळ-शेंगदाणे, रोजच्या औषधांचा आठ दिवसांचा साठा. हे सगळे खताच्या पिशवीच्या आतल्या जाड प्लास्टिकमध्ये, पण ती पिशवी धुतलेली हवी, नाहीतर नवीच घ्यावी. तोंड पिळून, मुडपून, दोरीने घट्ट बांधायचे. एकात एक अशा दोन पिशव्या. भटक्यांनीही झोपण्याचे कपडे असेच बांधावेत आणि दिवसा कितीही भिजलो तरी त्यांना हात लावू नये. सकाळी पुन्हा ओले कपडे चढवणे जिवावर येते, पण रात्रीचे कोरडे राहिले तर दिवस निभतो.

माणूस गारठतो आहे हे ओळखायचे कसे? आधी हुडहुडी भरते, दात वाजतात. मग तो चिडचिडा होतो, अडखळतो, हातातल्या वस्तू पडतात, शब्द जड होतात, मागे रेंगाळतो आणि "मला इथेच बसू द्या" म्हणतो. याला थकवा किंवा दारू समजू नये. सर्वांत फसवी खूण म्हणजे हुडहुडी थांबणे. अंग गारच असताना ती थांबली तर बरे वाटू लागले असे नव्हे, शरीराने हार मानायला सुरुवात केली असे समजावे. लगेच आडोशाला न्यावे, ओले कपडे काढावेत, कोरडे करून टोपीसकट गुंडाळावे, खाली जाड अंथरावे, बाहेरून प्लास्टिक लपेटावे. अशा प्रसंगी प्लास्टिकमुळे घाम येण्याची चिंता करू नये. नीट शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच गरम, गोड चहा. हातपाय जोरजोराने चोळू नयेत, कढत पाण्याने आंघोळ घालू नये. बोलणे असंबद्ध झाले असेल तर त्याला चालवू नका, आडवे ठेवून अलगद रुग्णालयात न्या.

ब्रँडीचा घोट हा उपाय अजून सुशिक्षितांच्याही डोक्यातून जात नाही. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून गरम वाटते. प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर सांडत असते. तसेच बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

राहता राहिली निगा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे जूनमध्ये घडी घालून ठेवलेली पिशवी सप्टेंबरात उघडली की बुरशीचा वास येतो. दमेकऱ्यांना हा वास म्हणजे आमंत्रणच. भटकंतीवरून आल्यावर पिशवी त्याच दिवशी उलटी करून पंख्याखाली पसरावी. तिच्याबरोबर मिळालेल्या छोट्या आवळ पिशवीत ती कायमची कोंबून ठेवू नये, फुगवण जाते. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी आणि पावसाने उघडीप दिली की दोन तास हवा दाखवावी. धुवायची वेळ आलीच तर सौम्य साबणाने, न पिळता, आणि वाळताना मधून मधून उलटीपालटी करून. धुणे दसऱ्यानंतरच्या उन्हात काढावे. गणपतीआधी धुतलेली पिशवी गौरी विसर्जनापर्यंत दांडीवर लटकत राहते, हा आमच्या घरचा अनुभव आहे.